शालनचा स्पर्शलेख

"आरोप समजला का तुम्हाला?" न्यायाधीश लोखंडेबाईंनी दुसऱ्यांदा विचारलं.

शालन कोळेकर आरोपीच्या पिंजऱ्यात लाकडी कठडा घट्ट धरून उभी होती. आरोप तिला समजला होता. मराठीतच वाचून दाखवला होता. सांगलीच्या विश्रामबागेत राहणारे निवृत्त भूमापक बापूसाहेब आरवाडे, म्हणजे तिचे अप्पा, यांची देखभाल करण्याच्या कामावर असताना तिने त्यांना हृदयाच्या गोळ्या जाणूनबुजून जास्त दिल्या, आणि त्यांना जिवे मारण्याचा प्रयत्न केला. हे सगळं समजलं होतं. हे आपण खरंच केलं का, एवढंच तिला समजत नव्हतं.

"गुन्हा कबूल आहे?"

"आता मशीनच म्हणतंय म्हटल्यावर..." शालन पुटपुटली.

खाली बसलेली तिची वकील, तबस्सुम मुजावर, ताडकन उठली. "आरोपीला गुन्हा कबूल नाही."

"त्यांना बोलू द्या," न्यायाधीश म्हणाल्या.

शालनने तबस्सुमकडे पाहिलं. एकोणतीस वर्षांची पोरगी, विधी सेवा केंद्राने फुकट दिलेली वकील, पण डोळे असे वटारलेले की शालनला आपली सासू आठवली.

"न्हाई," ती म्हणाली. "कबूल न्हाई."

बाहेर आल्यावर तबस्सुमने तिला जिन्याखालच्या बाकावर बसवलं. मग म्हणाली, "मावशी, तुम्ही आत्ता स्वतःला सात-आठ वर्षं तुरुंगात पाठवायला निघाला होता."

"खरं तेच सांगत हुते की बाई. त्या दिवशी मला ताप हुता. अप्पांना जेवायला घातलं आणि त्यांच्या खाटंजवळ खाली चटईवर जरा आडवी झाले. डोळा लागला. उठले तवा सव्वादोन वाजून गेले हुते. औषधाचं यंत्र वरडत हुतं. मी त्यातली दोनची गोळी काढली, अप्पांना दिली. येवढं आठवतंय. त्याच्या आधी झोपंत उठून काय केलं आसंल तर मला कुठं ठावं? मशीन तर म्हणतंय गोळ्यांच्या पाकिटावर माझाच हात हाय."

"तुम्हाला आठवत नाही, एवढंच तुम्हाला ठाऊक आहे. त्याच्या पुढे एक अक्षर बोलायचं नाही. न आठवणाऱ्या गोष्टीची कबुली देत नसतात."

"पण मशीन खोटं कशाला बोलंल?"

तबस्सुमने तो प्रश्न आपल्या वहीत उतरवून घेतला.

मशीनचं नाव होतं स्पर्शलेख. २०४१ सालापर्यंत जिल्ह्याजिल्ह्यात ते पोचलं होतं, आणि बोटांचे ठसे घेणं जवळपास मागे पडलं होतं. त्यामागचं शास्त्र फार अवघड नाही. माणसाच्या कातडीवर कोट्यवधी जिवाणू नांदत असतात. त्यांच्या शेकडो जाती, आणि कुठली जात किती हे प्रमाण माणसागणिक वेगळं. आपण ज्या वस्तूला हात लावतो तिथे या वस्तीतली थोडी मंडळी मागे राहतात. ठसा पुसता येतो, हातमोजे घालून टाळता येतो. पण वस्तीतले दोन-चारशे जीव कुठेतरी उरतातच. स्पर्शलेख त्यांच्यातला डीएनए वाचतो, प्रमाण मांडतो, आणि दोन तासांत सांगतो की इथे कुणाचा हात लागला होता.

अप्पांच्या खाटेच्या उजव्या बाजूला, भिंतीला लागून, औषधांच्या साठ्याचा खण होता. दर रविवारी दवाखान्यातली परिचारिका यायची, खणातल्या गोळ्या काढून पलीकडच्या टेबलावरच्या यंत्रात भरायची आणि खण लोटून जायची. यंत्र ठरल्या वेळी एकेक गोळी बाहेर टाकायचं. ती अप्पांना देणं एवढंच शालनचं काम. खणाला आपण कधी हात लावला नाही, असं शालनने पोलिसांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण खणाच्या कडेवर आणि आतल्या पाकिटावर स्पर्शलेखाने तिचं नाव दिलं. पाकिटातल्या चार गोळ्या कमी होत्या. पोलिसांना कारणही सापडलं. अप्पांचा मुलगा सन्मती याने आठवडाभर आधीच सांगितलं होतं की वडिलांना आता पुण्याच्या सेवाश्रमात ठेवणार, मावशींचं काम संपलं. त्यावर शालन भांडली होती. शेजाऱ्यांनी ऐकलं होतं.

आणि अप्पा? साडेतीन वर्षांपूर्वी मेंदूतल्या रक्तस्रावाने त्यांची उजवी बाजू गेली, आणि वाचा गेली. एकच शब्द उरला होता, "हो". दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर हवालदाराने विचारलं, "शालनने गोळ्या दिल्या का?" अप्पा म्हणाले, "हो."

जामिनाची अट अशी होती की शालनने अप्पांना भेटायचं नाही, त्या रस्त्यालाही जायचं नाही. सन्मतीने पुण्याचा बेत सोडला. नोकरीवरून लांब रजा घेऊन तो सांगलीत येऊन राहिला. एका संस्थेकडून नवा माणूस ठेवला. तो स्वच्छ गणवेशात यायचा आणि हातमोजे घालून सगळं करायचा.

शालन कुपवाडला बहिणीकडे राहू लागली. दुसरं काम कोण देणार? सकाळी सातला आणि दुपारी चारला तिचे हात आपोआप अस्वस्थ व्हायचे. साडेतीन वर्षं त्या दोन वेळांना तिने अप्पांच्या उजव्या हाताला कोमट तिळाचं तेल चोळलं होतं. खांद्यापासून खाली, कोपर, मनगट, मग एकेक बोट. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हा हात आता असाच राहायचा. पण हात म्हटला की त्याची निगा करायची, एवढंच तिला कळत होतं. चोळता चोळता ती बोलत राहायची. मेथी महागली, बहिणीची सून माहेरी गेली, गल्लीत कुत्री फार झाली. अप्पा मध्येच "हो" म्हणायचे. तो "हो" कधी हसरा असायचा, कधी कंटाळलेला, कधी चक्क "नाही" असायचा. शालनला फरक कळायचा.

"एक विचारू?" तबस्सुम एकदा कुपवाडला आली तेव्हा म्हणाली. "त्या हातात कधी काही हालचाल जाणवली?"

शालनने आपला अंगठा चोळून पाहिला. मग म्हणाली, "गेल्या दिवाळीपासनं. मी आंगठा चोळताना आतनं दाबल्यागत वाटायचं. सन्मतीदादांना फोनवर सांगितलं. ते म्हणले, मावशी, डॉक्टरांनी सांगितलंय, उगं आशा लावू नका. पुना मी न्हाई बोलले. मला वाटलं माझंच मन हाय."

तबस्सुमने हातातला चहा खाली ठेवला. "एवढी मोठी गोष्ट आजवर सांगितली नाहीत?"

"तुम्ही इचारलं न्हाई की."

त्या संध्याकाळपासून तबस्सुमने स्पर्शलेखाबद्दल मिळेल ते वाचून काढलं. वाचताना तिला एक गोष्ट सापडली, जी शास्त्रज्ञांना तीसेक वर्षांपासून माहीत होती. पोलिसांच्या अहवालात मात्र तिला जागा नव्हती. एका घरात राहणाऱ्या माणसांच्या वस्त्या हळूहळू एकमेकांसारख्या होतात. नवरा-बायकोच्या, आई-बाळाच्या. जो जास्त हात लावतो त्याची वस्ती दुसऱ्याच्या कातडीवर जाऊन बसते. आणि ज्या हाताला स्वतःहून कशाचाच स्पर्श होत नाही, ज्याला दिवसातून दोनदा एकच माणूस चोळतो, धुतो, पुसतो, त्या हातावर शेवटी कुणाची वस्ती असेल?

प्रयोगशाळेतले डॉ. हेरंब ओक सरकार पक्षाचे साक्षीदार म्हणून आले होते. साठीचे, शांत, प्रत्येक प्रश्नाआधी चष्मा पुसणारे. तबस्सुम उलटतपासणीला उभी राहिली.

"डॉक्टर, पाकिटावरची जुळणी किती टक्के होती?"

"त्र्याऐंशी. शालन कोळेकर."

"उरलेले सतरा?"

"अहवालात त्याला आम्ही पार्श्वभूमी म्हणतो. हवेतले, कपड्यांवरचे, इकडचे तिकडचे. यंत्र ते बाजूला काढतं."

"ते सतरा कुणाचे आहेत, हे पाहिलं होतंत?"

ओकांनी चष्मा पुसला. "नाही. पाहायची पद्धत नाही."

"मूळ नोंदी शिल्लक आहेत?"

"आहेत."

न्यायाधीशांनी त्या नोंदी पुन्हा तपासायला सांगितलं, आणि अप्पांच्या उजव्या हाताचा नमुना घ्यायलाही. दोन आठवड्यांनी ओक परत आले. या वेळी त्यांनी कुणी विचारायची वाट पाहिली नाही.

"मला एक दुरुस्ती करायची आहे," ते म्हणाले. "बापूसाहेबांच्या हातावर आज शालनबाईंचं जवळजवळ काहीच नाही. पाच महिन्यांत वरची वस्ती बदलून गेली. पण कातडीच्या छिद्रांत, केसांच्या मुळाशी माणसाची स्वतःची जुनी वस्ती दडून असते, ती सहसा जात नाही. पाकिटावरच्या सतरा टक्क्यांतले जवळजवळ सगळे त्या जुन्या वस्तीशी जुळतात. ते बापूसाहेबांचे आहेत."

कोर्टात कुजबुज झाली. सरकारी वकील उठले. "ही बाई दिवसभर त्यांना हात लावायची. तिच्या हातावरून त्यांचे जिवाणू पाकिटावर गेले, यात नवल काय?"

"अटकेच्या वेळी तिच्या हाताचा नमुना घेतला होता," ओक म्हणाले. "त्यावर बापूसाहेबांचा वाटा तीन टक्के होता. तीनाचे सतरा होत नाहीत." त्यांनी हातातला कागद मिटला. "ज्या हाताने ते पाकीट धरलं तो बापूसाहेबांचा होता, असं मला वाटतं. त्याच्यावर शालनबाईंची वस्ती बसलेली होती. यंत्राने मालकाचं नाव न देता तिचं दिलं."

पिंजऱ्यात उभ्या शालनला यातलं अर्धं कळलं, अर्धं नाही. पण इतके महिने छातीवर बसलेलं काहीतरी जरा हललं. आपण झोपेत उठलो नव्हतो.

तेवढ्यात मागच्या बाकावरून सन्मती उभा राहिला. "माझ्या वडिलांनी चार वर्षांत तो हात तसूभर उचललेला नाही! पाच महिने मी रोज बघतोय. दगड झालाय त्या हाताचा. मेडिकल रिपोर्ट आहेत. तुम्ही काय वाट्टेल ते..."

"बसा," न्यायाधीश म्हणाल्या. आवाज कडक नव्हता.

प्रश्न तिथेच अडकला. पाकीट अप्पांच्या हाताने धरलं असेल, तर तो हात हलायला हवा होता. आणि हात हलत नाही, असं प्रत्येक डॉक्टरी कागद सांगत होता. तबस्सुमने अर्ज केला की न्यायालयाने घरी येऊन स्वतः पाहावं, आणि त्या वेळी आरोपीलाही हजर राहू द्यावं. वेळ तिने दीडची मागितली. सरकारी वकिलांनी विरोध केला. न्यायाधीश लोखंडेंनी अर्ज मंजूर केला.

घरात शिरताना शालनने सवयीने चपला कोपऱ्यात काढल्या. खोली तीच होती, पण फिनेलचा वास येत होता. खाटेवर अप्पा होते, हाडं वर आलेले. तिला पाहून त्यांच्या तोंडून शब्द निघाला, "हो," आणि डोळे भरून आले. तिने मान खाली घातली. बोलायची परवानगी नव्हती.

न्यायाधीश खाटेजवळ खुर्ची ओढून बसल्या. "बापूसाहेब, मी जिल्हा न्यायाधीश आहे. मी कोण, समजलं?"

"हो."

"मी तुमची बहीण आहे का?"

"हो," अप्पा त्याच तत्परतेने म्हणाले. न्यायाधीशांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि हवालदाराने घेतलेल्या जबाबाचं पान उलटून पालथं घातलं.

सरकारी डॉक्टरांनी उजवा हात तपासला. मूठ आवळलेली, मनगट आत वळलेलं. त्यांनी बोटं उघडायचा प्रयत्न केला, अप्पा कळवळले. डॉक्टरांनी मान हलवली.

शालनच्याने राहवेना. "साहेब, आसं नका ओढू. आन नखं बघा की! तळव्यात रुतल्यात. दादा, नखं सुद्धा न्हाई का काढायची कुणी?"

सन्मतीने वडिलांच्या मुठीकडे पाहिलं, जणू पहिल्यांदाच.

"मला जरा बघू द्या," शालन न्यायाधीशांकडे वळून म्हणाली. "केस ऱ्हाऊ द्या बाजूला. त्यांना दुखतंय."

न्यायाधीशांनी दोन्ही वकिलांकडे पाहिलं आणि मान डोलावली. सन्मतीने स्वयंपाकघरातून तेल कोमट करून आणलं.

शालन खाली बसली. मूठ उघडायची घाई तिने केलीच नाही. खांद्यापासून सुरुवात केली. कोपराशी थांबली, गोल गोल चोळत राहिली. मनगटापर्यंत यायला दहा मिनिटं गेली. सवयीने ती बोलू लागली, अगदी हळू, अप्पांपुरतं. बहिणीच्या गल्लीत नवा नळ आला. सून परत आली, तिला दिवस गेलेत. करंगळी सैल झाली. मग तिच्या शेजारचं बोट. सरकारी वकिलांनी घड्याळ पाहिलं. चारही बोटं उघडली, पण हात चादरीवर तसाच पडून राहिला. शालनने तळवा पुसला, नखं कापली, आणि दमून खाटेच्या कडेवर डोकं टेकलं. तिचे डोळे मिटले होते. ती रडत होती, पण कुणाला दिसू नये म्हणून.

दोन वाजले. टेबलावरचं यंत्र वाजलं. "दुपारची गोळी घ्या. दुपारची गोळी घ्या."

नव्या माणसाने पुढे पाऊल टाकलं. तबस्सुमने त्याला दंडाला धरून थांबवलं.

अप्पांनी यंत्राकडे पाहिलं. मग खाली, मिटल्या डोळ्यांच्या शालनकडे. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या, झोपलेल्या माणसाजवळ कुणी गोंगाट केला की पडतात तशा. आणि चादरीवरचा उजवा हात हलला. आधी अंगठा. मग पंजा चादरीवरून घासत, थांबत थांबत खाटेच्या कडेकडे सरकू लागला. कडेला पोचून तो वर उचलला गेला, चार बोटं उंच, फार तर पाच, आणि खणाच्या दिशेने हवेत थरथरत राहिला. खणापर्यंत पोचला नाही. वीतभर अलीकडेच त्याचं बळ संपलं आणि तो खाली पडला.

यंत्र वाजतच होतं.

"त्या दिवशीच्या नोंदीत," तबस्सुम म्हणाली, "हे यंत्र दोनपासून दर पाच मिनिटांनी वाजलंय. मावशी उठायच्या आधी चारदा. पाकिटातून गोळ्या गेल्या चार. तेव्हा हा हात रोज चोळलेला होता, खणापर्यंत पोचत होता. मावशींना ताप होता, त्या झोपल्या होत्या. यांनी त्यांना उठवलं नाही. उजव्या हाताने खणातलं पाकीट ओढून डाव्याने आपणच गोळी घेतली, म्हणजे यंत्र गप्प बसेल. यंत्राला काय कळणार? ते परत वाजलं. यांनी परत घेतली. आणि शेवटी मावशींनी उठून यंत्रातली दिली ती पाचवी."

शालनने डोकं वर केलं. तिने हात हलताना पाहिलाच नव्हता. सगळे असे का उभे आहेत तिला कळेना. तिने सन्मतीकडे पाहिलं. तो भिंतीला टेकून खाली बसला होता, दोन्ही हातांत तोंड झाकून.

महिन्याभराने निकाल लागला. शालन कोळेकर निर्दोष. निकालपत्रात न्यायाधीशांनी असंही लिहिलं की स्पर्शलेखाच्या अहवालात बाजूला काढलेला भाग यापुढे आरोपीच्या वकिलाला न मागता दिला जावा. ते वाक्य पुढे बऱ्याच कोर्टांत वाचून दाखवलं गेलं. शालनला त्याची खबर नव्हती. निकालाच्या दिवशी तबस्सुमने तिला मिठी मारली, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बाई, आता त्या रस्त्यानं जायला हरकत न्हाई न्हवं?"

पण ती लगेच गेली नाही. सन्मतीच दोनदा कुपवाडला आला. पहिल्यांदा दारातच उभा राहिला, बोलता येईना म्हणून परत गेला. दुसऱ्यांदा बसला.

"मावशी, माफी कशी मागायची मला येत नाही."

"मला बी द्यायला यायची न्हाई लगीच," शालन म्हणाली. "सहा-सात म्हैनं लोक माझ्या बहिणीच्या घरातलं पाणी पीत नव्हते, दादा. खुनी बाई म्हणायचे."

तो खाली पाहत राहिला. "तुम्ही दिवाळीत फोन केला होता. हात हलतोय म्हणून. मी ऐकलं नाही."

आतून बहिणीने चहा आणून ठेवला. शालनने एक कप त्याच्यापुढे सरकवला.

"मी कामाला न्हाई येनार," शेवटी ती म्हणाली. "मिरजंला एका आजीचं काम बघितलंय, पैल्या तारखंपासनं. पर तवर रोज सकाळी येऊन जाईन. तुम्हाला शिकवीन."

"मला?"

"मग कुणाला? त्या मोजेवाल्याला?"

पहिल्या सकाळी सन्मतीने बाह्या वर केल्या आणि वडिलांचा हात असा धरला, जसा कुणी दुसऱ्याच्या घरातली काचेची वस्तू धरतो. लहानपणी याच हाताला नकाशावर रेघा ओढताना त्याने तासन्‌तास पाहिलं होतं. पण तो हात हातात घेतल्याचं त्याला आठवत नव्हतं. शालन समोर स्टुलावर बसली. तिच्या हातांना आज काहीच काम नव्हतं, आणि ते कुठे ठेवावेत हे तिला सुचेना. शेवटी तिने ते मांडीवर ठेवले.

तेल जास्त झालं, चादरीवर ओघळलं. सन्मती कानकोंडा झाला. अप्पा त्याच्याकडे टक लावून पाहत होते. तो मनगटापाशी आला, अडखळला, आणि वडिलांच्या मुठीवर आपला तळवा नुसता ठेवून थांबला. हळूहळू, तेल मुरावं तशी, मूठ उघडली आणि बोटं मुलाच्या बोटांवर येऊन टेकली.

सन्मतीने घाबरून शालनकडे पाहिलं.

"सोडू नका," ती म्हणाली. "आता आंगठ्याच्या बुडाशी जरा दाबा. आणि गप्प बसू नका हो, काईतरी बोला त्यांच्याशी."